चिखल्या, जोडवी आणि पुराचं पाणी

या वेळच्या पत्रांमधे केस गळणं, वांग, पिंपल्स असले नेहमीचे प्रश्न जवळजवळ नाहीतच, सगळी पत्रं पायांची. साहजिकच आहे म्हणा, बडोद्यात जुलै लागला की दांडिया बाजारातून मांडवीपर्यंत चालत गेलं तरी पाय घोट्यापर्यंत भिजतात, स्कूटरवर असाल तर पुढच्या रिक्षाने उडवलेलं पाणी थेट बोटांवर, आणि मग तेच ओले पाय घेऊन आपण ऑफिसात नाहीतर दुकानात आठ-नऊ तास बसतो. म्हणून हा अख्खा अंक पायांनाच दिलाय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे प्रत्येक उत्तरात परत लिहायला नको. पाय भिजल्याने काही बिघडत नाही, ते भिजलेले राहिल्याने बिघडतं, आणि सगळ्यात जास्त वेळ ओलं राहतं ते बोटांच्या बेचक्यात, जिथे आपला टॉवेल कधी पोचतच नाही.

प्रश्न: डॉक्टर ताई, मी कारेलीबागेत राहते, वय 52. दर पावसाळ्यात माझ्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांमधे चिखल्या होतात. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीय, ती लावली की दोन दिवसात खाज थांबते, पण बंद केली की परत सुरू. यंदा तर पावलावर एक गोल चट्टा पण आलाय आणि तो पसरतोय. ट्यूब बदलून बघू का?

काकू, आधी ती ट्यूब हातात घ्या, चष्मा लावा आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. त्यात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. माझी जवळजवळ खात्री आहे की दिसणारच, कारण दोन दिवसात खाज गायब आणि बंद केल्यावर दुप्पट ही स्टेरॉइडची चाल आहे. होतं काय, की चिखल्या म्हणजे बहुतेक वेळा बुरशीचा संसर्ग, आणि स्टेरॉइड त्या जागेची सूज, लाली, खाज दाबून टाकतं पण बुरशीला हातही लावत नाही, उलट त्या जागेची प्रतिकारशक्ती कमी करून बुरशीला मोकळं रान देतं. मग ती बोटातून पावलावर, पावलावरून पुढे. तुमचा तो गोल चट्टा म्हणजे तेच गजकर्ण असणार. बाजारात अशा तीन-चार औषधांची खिचडी असलेल्या ट्यूबा भरपूर मिळतात, बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइड सगळं एकात, आणि स्वस्त असतात म्हणून लोक घरात साबणासारख्या ठेवतात आणि ज्याला जे होईल त्याला लावतात. 2018 मधे सरकारने स्टेरॉइडच्या बऱ्याच क्रीम्स शेड्यूल एच मधे टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, तरी काउंटरवर त्या मिळतातच. पॅकवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायचं नाही एवढं तरी घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

नुसती बुरशीची साधी क्रीम म्हणजे क्लोट्रिमॅझोल 1 टक्का. क्लोट्रिमॅझोल आणि क्लोबेटासोल ही नावं घाईत सारखीच वाटतात, त्यामुळे नीट वाचूनच घ्या. नुसत्या चिखल्या असत्या तर मी म्हटलं असतं की ती दिवसातून दोनदा लावा, पाय धुऊन पूर्ण कोरडे केल्यावर, फक्त खाजते तिथेच नाही तर आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर पण दोन बोटं रुंदीपर्यंत, आणि बरं झालं असं वाटलं तरी पुढे आणखी दोन आठवडे, एकूण महिनाभर धरा. लोक इथेच सोडून देतात, खाज थांबली की ट्यूब कपाटात, आणि मग डॉक्टर बदलतात. पण तुमचं आता बोटांच्या बाहेर पसरलंय आणि वर स्टेरॉइड लागलंय, म्हणून तुम्ही त्वचेच्या डॉक्टरांना दाखवाच, कदाचित गोळ्या लागतील. आपल्या देशात गेली काही वर्षं ही बुरशी नेहमीच्या औषधांना दाद देईनाशी झालीय, टर्बिनाफिन जे पूर्वी हमखास चालायचं ते आता कित्येकांना चालत नाही, त्यामुळे शेजारणीला ज्याने बरं वाटलं ते तुम्हाला चालेलच असं नाही.

आणखी दोन गोष्टी. शेवटच्या दोन बोटांतच का, तर ती बेचकी सगळ्यात अरुंद, हवा लागत नाही. पाय धुतल्यावर एक जुना मऊ सुती कपडा फक्त पायांसाठी ठेवा (टॉवेल नको, तो जाड असतो, आत जात नाही आणि त्याच टॉवेलने मग अंग पुसलं तर जांघेत गजकर्ण), करंगळी हाताने बाजूला करून आत कपडा फिरवा, मग दोन मिनिटं पंख्याखाली. मोजे घालणाऱ्यांनी चिखल्या असतील तेव्हा आधी मोजे घालावे, मग चड्डी, कारण चड्डी पायातून वर चढवताना बुरशी बरोबर वर जाते. ऐकायला विचित्र वाटतं पण फार उपयोगी आहे, मी पेशंटना नेहमी सांगते.

चिखल्यांकडे काय एवढं लक्ष द्यायचं असं वाटत असेल तर हेही सांगते. बेचकीतली ती पांढरी फाटलेली कातडी म्हणजे जंतूंसाठी उघडं दार असतं. तिथून शिरलेला संसर्ग पोटरीपर्यंत चढला की पाय लाल, गरम, सुजलेला, थंडी वाजून ताप, याला सेल्युलायटिस म्हणतात आणि कधीकधी दवाखान्यात भरती करावं लागतं. पाय एकाएकी लाल होऊन तापला तर रविवार आहे म्हणून सोमवारची वाट बघू नका.

प्रश्न: ताई, माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं. दुसऱ्या बोटातली जोडवी घट्ट आहेत, खालची कातडी पावसात पांढरी पडते, सोलते, वास पण येतो. सासूबाई म्हणतात जोडवी काढायची नसतात. मी कोणाचं ऐकू?

तुमच्या सासूबाईंचा राग येऊ देऊ नका, त्यांनी पण त्यांच्या सासूबाईंचं ऐकलंय. पण कातडीला हे काही कळत नाही हो. जोडव्याखाली पाणी अडकतं, साबण अडकतो, मळ अडकतो, आणि चांदीची कडी घट्ट असेल तर तिथे दिवसभर ओलं राहतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांमधे कितीतरी जणींच्या चिखल्या शेवटच्या बेचकीत नाही तर जोडव्याच्या बोटातच सुरू झालेल्या असतात, आणि त्या दाखवताना पण पाय साडीखाली ओढून घेतात, जणू काही त्यांचीच चूक आहे. नाहीये.

मधला मार्ग असा. रात्री झोपताना जोडवी काढा, बोट धुऊन पुसून उघडं ठेवा, जोडवी पण जुन्या टूथब्रशने घासून वाळवा, सकाळी पूजेच्या आधी परत घाला. सासूबाईंना सांगा डॉक्टरांनी सांगितलंय, माझं नाव सांगितलंत तरी चालेल. रोज काढायला घरात नाहीच चाललं तर सोनाराकडून थोडी सैल करून घ्या, आपल्याकडची बहुतेक जोडवी मागे उघडी असतात, त्याला पाच मिनिटांचं काम आहे. जोडवं बोटावर फिरलं पाहिजे आणि वर सरकलं पाहिजे म्हणजे खाली कपडा घालता येतो. आत्ता मात्र कातडी सोलली आहे, वास येतोय, तर ती पूर्ण बरी होईपर्यंत जोडवी डब्यातच राहू द्या. श्रावणात मंगळागौरीच्या दिवशी घाला, फुगड्या खेळा, घरी आल्यावर काढा. आणि बोट सुजून जोडवं रुतायला लागलं असेल तर साबण लावून ओढाताण करत बसू नका, दवाखान्यात कापून काढतात, चांदी परत जोडता येते.

प्रश्न: मी मकरपुरा जीआयडीसीमधे कामाला आहे, सेफ्टी शूज बारा तास पायात. पावसाळ्यात बूट काढले की एवढा वास येतो की घरचे दुसऱ्या खोलीत जातात. तळव्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात. पावडर लावतो, बुरशीची क्रीम पण महिनाभर लावली, काहीच फरक नाही.

फरक पडणार नाही भाऊ, कारण ही बुरशी नाहीच. तुम्ही वर्णन इतकं बरोबर केलंय की न बघता सांगता येतं, याला पिटेड केराटोलायसिस म्हणतात. हे जंतू आहेत, बॅक्टेरिया, त्यांना घामाने आणि पाण्याने फुगलेली जाड कातडी लागते, टाच आणि बोटांच्या मागचा जाड भाग, जिथे वजन पडतं तिथे. ते वरची कातडी अक्षरशः विरघळवून खातात, म्हणून खड्डे, आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात, म्हणून तो वास. पाय पाण्यात घालून बघितलेत तर खड्डे आणखी स्पष्ट दिसतील.

यावर बुरशीची क्रीम नाही तर जंतूंवरची लावायची असते, क्लिंडामायसिन जेल किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड (पिंपल्सचं म्हणून मिळतं तेच, पण मोज्यांचा रंग उडवतं हे लक्षात ठेवा), डॉक्टर बघून देतील, साधारण तीन-चार आठवड्यात खड्डे भरतात आणि वास तर त्याच्या आधीच जातो. घाम फारच येत असेल तर ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन रात्री कोरड्या तळव्यांना लावतात. टाल्कम पावडरने मात्र काही होत नाही, ओल्या पायावर तिचा लगदा होतो आणि तो बेचकीत अडकून बसतो.

पण खरी अडचण बूट आहे. जाड सेफ्टी शूज एकदा आतून भिजले की एका रात्रीत वाळत नाहीत, पावसाळी हवेत तर दोन दिवस पण घेतात. म्हणजे तुम्ही रोज सकाळी ओल्याच बुटात पाय घालताय. कंपनीकडून दुसरा जोड मागून घ्या, एक दिवसाआड घाला. आतली सोल निघते ती काढून वेगळी वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरा, दोन तासांनी ते ओले बोळे काढून कोरडे घाला, आणि पंख्यासमोर ठेवा, गॅसपाशी नको, रबर तडकतं. मोजे दोन जोड डब्याबरोबर न्या आणि जेवणाच्या सुट्टीत बदला, तेवढ्या वेळात पाय उघडे ठेवा. लाज वाटू देऊ नका, शेजारचे चार जण पण हेच सोसत असतील आणि बोलत नसतील.

प्रश्न: माझे बाबा 71 वर्षांचे आहेत, डायबिटीस वीस वर्षं. परवा पावसात देवळातून येताना एका पायातली चप्पल मागेच राहिली आणि ते तसेच घरापर्यंत चालत आले, त्यांना कळलंच नाही. आम्ही सगळे हसलो, पण मला नंतर काळजी वाटायला लागली. पावसाळ्यात त्यांच्या पायांची काय काळजी घ्यावी?

तुम्हाला काळजी वाटली हे फार चांगलं झालं, कारण या अंकातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं आहे. पायातून चप्पल गळून पडते आणि कळत नाही हे वयामुळे नाही, विसराळूपणा तर नाहीच, हे पायाच्या नसा बधिर झाल्याचं लक्षण आहे. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात, म्हणजे पायाच्या बोटांच्या. मग खडा टोचला तरी कळत नाही, फोड आला तरी कळत नाही, गरम पाण्याने भाजलं तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून बरंय असं घरच्यांना वाटतं आणि जखम आतल्या आत वाढत जाते. पाय कापावा लागण्याच्या कितीतरी गोष्टी अशाच सुरू होतात, एका चिखलीपासून, एका चावणाऱ्या पट्ट्यापासून. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) जो मोठा अभ्यास 2023 मधे आला त्यात आपल्या देशात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे असं दिसलं, तेव्हा हे उत्तर फक्त तुमच्या बाबांसाठी नाही, अंक वाचणाऱ्या जवळपास प्रत्येक घरासाठी आहे.

या आठवड्यातच त्यांचे पाय तपासून घ्या. डॉक्टर एक नायलॉनचा धागा (10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात) तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारतात, कळतंय का, आणि कंप पावणारा चिमटा घोट्याला लावून बघतात, पावलावरची नाडी चाचपतात. दुखत नाही, महाग नाही, वर्षातून एकदा तरी प्रत्येक डायबिटीसवाल्याची व्हायलाच पाहिजे. सयाजी हॉस्पिटल म्हणजे आपल्या एसएसजीमधे पण दाखवता येईल.

घरी काय करायचं ते आता. रोज रात्री त्यांचे पाय तुम्ही बघा, त्यांना स्वतःला तळवे दिसत नाहीत, वाकता येत नाही, नजर पण कमी झाली असेल. चांगल्या उजेडात, बोटं एकेक बाजूला करून, बेचकीत पांढरं, फाटलेलं, ओलसर काही आहे का, नखाच्या कोपऱ्यात लाल आहे का, टाचेला भेग आहे का. गरम पाण्यात पाय घालून बसायची सवय असेल तर ती बंद. पाणी कोमटच, आणि किती कोमट ते त्यांच्या पायाने नाही तर तुमच्या कोपराने बघायचं. क्रीम टाचेला आणि तळव्याला लावा, बेचकीत अजिबात नाही. मेडिकलमधे मिळणाऱ्या कुरपाच्या चिकटपट्ट्या त्यांना कधीही लावू नका, त्यात कातडी जाळणारं ॲसिड असतं. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका.

आणि चप्पल. अंगठ्यात अडकवायची स्लीपर त्यांच्यासाठी नको, ती पडते आणि अंगठ्याशी घासते पण. मागे पट्टा असलेली, आतून मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची चप्पल घ्या, डायबिटीसच्या पायांसाठी म्हणून मिळते, संध्याकाळी घ्यायला जा कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि घरात पण ती पायात असू द्या. घालायच्या आधी आत हात घालून बघायचं, खडा, खिळा, झुरळ काही आहे का. देवळात अनवाणी जावं लागतं हा प्रश्न बाबा काढणारच. तिथे जाड मोजे घालून जाऊ द्या, विठोबा काही म्हणणार नाही. ओल्या फरशीवरून आले की मोजे लगेच बदला.

त्यांच्या पायावर जखम दिसली, कितीही छोटी, दुखत नसली तरी, त्याच दिवशी डॉक्टर. हळद भरून आठवडाभर बघू हे त्यांच्या बाबतीत नाही.

प्रश्न: आम्ही समा भागात राहतो. 2024 च्या ऑगस्टमधे घरात पाणी शिरलं होतं, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून ये-जा केली, नंतर सोसायटीत बऱ्याच जणांना ताप आले. परत तशी वेळ आली तर काय करायचं?

विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट, आणि त्या वेळी काळाघोड्याच्या पुलाखाली नदी त्याच्या कितीतरी वर गेली होती, समा, अकोटा, फतेहगंज सगळं पाण्यात. 2019 च्या 31 जुलैला तर एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस. म्हणजे परत वेळ येणार नाही असं धरून चालू नका. पुराबरोबर नदीतून येणाऱ्या मगरींची भीती सगळ्यांना वाटते, वाटायलाच हवी, पण पुराच्या पाण्यातलं जास्त लोकांना गाठणारं संकट डोळ्याला दिसत नाही. उंदरांचं मूत त्या पाण्यात मिसळलेलं असतं आणि त्यातले लेप्टोस्पायराचे जंतू पायावरच्या छोट्याशा चिरेतून, चिखल्यांच्या फाटलेल्या कातडीतून आत जातात. खाली सुरत, नवसारी, वलसाडकडे भातशेतीत काम करणाऱ्यांना हा आजार चांगलाच माहितीय.

पाण्यात जावंच लागलं तर अनवाणी जाऊ नका, स्लीपर वाहून जाते म्हणून बांधता येणारे जुने बूट किंवा गमबूट घाला, काठी घेऊन पुढची जमीन चाचपत जा. पायाला जखम किंवा चिखल्या असतील त्याने शक्यतो जायचंच नाही, दुसऱ्याला पाठवा. बाहेर आल्यावर स्वच्छ पाणी आणि साबण, मग कोरडं. डेटॉल बाटलीतून तसाच ओतू नका, कातडी भाजते. काच-पत्रा लागला असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं असेल किंवा आठवतच नसेल तर घ्या. रोज पाण्यात उतरणाऱ्यांना, मदतीला जाणाऱ्या पोरांना वगैरे, डॉक्टर डॉक्सीसायक्लिन आठवड्यातून एकदा देतात, पण गरोदर बायका आणि लहान मुलांना ती गोळी चालत नाही म्हणून स्वतःच्या मनाने सगळ्या घराला वाटू नका.

पाणी ओसरल्यावर लोक निर्धास्त होतात, इथेच घोटाळा होतो. ताप बहुतेक एक ते दोन आठवड्यांनी येतो, कधी महिन्याने पण. जोराचा ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाही, असं झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी पुराच्या पाण्यात गेलो होतो. हे एक वाक्य सांगितलं तर औषध वेळेवर सुरू होतं. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले तर थेट हॉस्पिटल.

प्रश्न: माझा मुलगा चौथीत आहे, पावसातून आला की पायाची बोटं सुरकुतलेली असतात, म्हाताऱ्या माणसासारखी. हे पाणी आत शिरतं का? आणि शाळेत काळे बूटच घालायची सक्ती आहे.

नाही, या सुरकुत्या पाणी शिरून कातडी फुगल्याने पडतात असं सगळ्यांना वाटतं पण तसं नाहीये, हे नसांचं काम आहे. पाण्यात काही मिनिटं गेली की नसा बोटातल्या रक्तवाहिन्या आवळायला सांगतात, आतला भाग आकसतो आणि वरची कातडी घडी घालते. 1930 च्या दशकातच इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की ज्याच्या हाताची नस तुटलीय त्याची त्या भागातली बोटं पाण्यात सुरकुततच नाहीत. त्यामुळे तुमच्या मुलाची बोटं सुरकुततात म्हणजे नसा मस्त आहेत. कोरडं केल्यावर थोड्या वेळात सरळ झाली की झालं.

बुटांबद्दल मात्र शाळेशी बोला. दोन-चार पालक मिळून जा, भांडायला नाही, पावसाळ्यापुरते पट्ट्याचे सँडल चालवून घ्या एवढं मागा, बऱ्याच शाळा ऐकतात. तोपर्यंत दप्तरात प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे आणि एक छोटा नॅपकिन ठेवा आणि त्याला वर्गात गेल्यावर बदलायला शिकवा. चौथीतल्या मुलाला जमतं.

प्रश्न: आमच्या आजी चिखल्यांना मेंदी लावायच्या, तुरटीच्या पाण्यात पाय बुडवायच्या. आता पण लावलं तर चालेल ना?

चालेल, थोडं जपून. मेंदीच्या पानांमधे बुरशीला रोखणारा गुण आहे असं प्रयोगशाळेत दिसलंय आणि ती कातडी कोरडी करते, तुरटी पण तेच करते. पण पानं वाटून केलेली मेंदी, कोनातली काळी नाही, त्यात केसांच्या डायचं केमिकल असतं आणि चिघळलेल्या कातडीवर ते भयंकर उठतं. सौम्य, नुसत्या सुरू झालेल्या चिखल्यांना हे ठीक. चार-पाच दिवसात उतार नाही पडला तर क्रीम. लसूण, लिंबू, व्हिनेगर, मोबाईलवर येणारे बाकीचे प्रकार फाटलेल्या कातडीवर नकोत.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे, नवरात्रात नऊ दिवस गरबा म्हणजे गरबाच. मैदानात सगळे अनवाणी खेळतात. आत्ता माझ्या पायात चिखल्या आहेत आणि मागच्या वर्षी तळव्याला मोठे फोड पण आले होते. तोपर्यंत बरं होईल का?

होईल, अजून दोन महिने आहेत, आजपासून सुरू केलंस तर. वर काकूंना सांगितलंय तसंच, क्रीम दिवसातून दोनदा आणि महिना पूर्ण होईपर्यंत सोडायची नाही, प्रॅक्टिसला घालतेस ते बूट एक दिवसाआड. घटस्थापनेच्या आठवड्यात बेचक्या उजेडात बघ, फाटलेली कातडी दिसली तर अनवाणी खेळू नकोस, त्या मैदानात हजारो पाय असतात आणि पाऊस लांबला तर चिखल पण. तुझ्या चिखल्या दुसऱ्याला लागू शकतात हा पण विचार कर. बडोद्यात गरबा अनवाणीच खेळायचा ही भावना मी समजते, पण मऊ सोलच्या मोजड्या घालून खेळणाऱ्यांना कोणी बाहेर काढत नाही.

फोड येऊ नयेत म्हणून आत्तापासून संध्याकाळी गच्चीवर अर्धा तास अनवाणी प्रॅक्टिस कर, हळूहळू वाढव, कातडीला सवय होते. जिथे मागच्या वर्षी फोड आले होते तिथे खेळायच्या आधी कापडी चिकटपट्टी सपाट लाव, सुरकुती न पडू देता. तरी आलाच तर वरची कातडी सोलू नको, तेच त्याचं बँडेज आहे. खूप ताणला असेल तर स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढ आणि झाकून ठेव. रात्री दोनला घरी आलीस की कितीही झोप आली असली तरी पाय धू, बेचक्या पूस, मगच आडवी हो. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शाळेत असताना घेतलं होतंस ते कधी, ते आईला आजच विचार. मैदानात खडे-खिळे असतात, आणि इंजेक्शनचं रात्री बारा वाजता आठवून उपयोग नाही.